जंतूंचा वानोळा

सोमवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी माझी बायको गेली. बुधवारी तिच्या रक्ताचा रिपोर्ट आला.

रिपोर्ट आणायला मीच गेलो. महाडातल्या लॅबमधून फोन आला होता, तयार आहे, घेऊन जा. फोन करणाऱ्याला काही ठाऊक नव्हतं आणि मीही सांगितलं नाही. पाकीट घेतलं, सही केली, घरी आलो. कागदावर अठरा औषधांची नावं होती आणि प्रत्येकासमोर एकेक इंग्रजी अक्षर. पंधरा ठिकाणी आर, तीन ठिकाणी एस. माझं आयुष्य कॉलेजच्या ग्रंथालयात गेलं आहे. कुठलाही छापील कागद हाती आला की त्याचा अर्थ लावल्याशिवाय मला चैन पडत नाही. आर म्हणजे राइट, असा अर्थ मी लावला. म्हणजे पंधरा औषधं बरोबर होती आणि तरीही ती गेली. तेराव्यापर्यंत मी हाच अर्थ उराशी धरून बसलो होतो. आलेल्या माणसांना सांगतही होतो, औषधं सगळी बरोबर होती हो.

चौदाव्या दिवशी कागद घेऊन पुन्हा लॅबमध्ये गेलो. का गेलो ते सांगता येणार नाही. बहुधा त्या तीन एसचं काय, हे विचारायचं राहिलं होतं म्हणून. तिथली मुख्य बाई कॉलेजात असताना आमच्या ग्रंथालयात परीक्षेचा अभ्यास करायची. खिडकीजवळची जागा मिळावी म्हणून दार उघडायच्या आधी येऊन पायरीवर बसायची. तिनं मला ओळखलं. कागद पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं.

"सर, उलट आहे," ती म्हणाली. "आर म्हणजे रेझिस्टंट. या जंतूंवर ते औषध चालत नाही. एस म्हणजे चालतं."

"म्हणजे पंधरा चालत नव्हती."

"हो."

"मग ही तीन का नाही दिली?"

"एक दिलं होतं, शेवटच्या दिवशी. डॉक्टरांनी अंदाजानं दिलं. रिपोर्टला तीन दिवस लागतात सर. जंतू वाढल्याशिवाय आम्हाला काही विचारता येत नाही त्यांना."

जंतूंना विचारता येत नाही. हे वाक्य मला विचित्र वाटलं. मी विचारलं, "त्यांना विचारता म्हणजे काय करता?"

ती म्हणाली, "चपला बाहेर काढा आणि आत या."

आत एका उबदार कपाटातून तिनं एक काचेसारखी पारदर्शक, झाकण असलेली उथळ ताटली काढली. तळाशी पेजेच्या रंगाचा, थिजलेला थर होता. मी विचारलं, हे काय? म्हणाली, चायना ग्रास. आपण घरी दुधात घालून वड्या पाडतो, तेच. फक्त यात जंतूंचं जेवण कालवलेलं. त्या थरावर कुणाच्या तरी लघवीतले जंतू कापसाच्या बोळ्यानं सारवले होते आणि त्यावर सहा छोट्या कागदी टिकल्या ठेवल्या होत्या. प्रत्येक टिकलीत एकेक औषध भिजवलेलं. आदल्या दिवशी ठेवलं होतं. रात्रीतून जंतू वाढले होते आणि सगळ्या ताटलीवर धुकट साय धरली होती. पण दोन टिकल्यांभोवती साय नव्हती. तिथं स्वच्छ गोल होते, काचेच्या तळापर्यंत आरपार दिसणारे.

"हा एस," ती म्हणाली आणि मोजपट्टी लावून गोलाची रुंदी मोजू लागली. दुसऱ्या एका टिकलीपाशी साय अगदी कडेला येऊन भिडली होती, जणू टिकली तिथं नाहीच. "हा आर."

मी वाकून पाहत राहिलो. आमच्याकडे भाताचं रोप टाकायच्या आधी जमिनीवर पालापाचोळा आणि शेण पसरून राब भाजतात. भाजलेल्या तुकड्यात तण उगवत नाही. सगळं रान हिरवं होतं आणि मध्ये तेवढी जागा मोकळी राहते. तसंच होतं हे. फक्त इथं आग नव्हती, धूर नव्हता. एक टिकली नुसती बसून होती आणि तिच्या भोवतालच्या लाखो जिवांना उगवता येत नव्हतं.

मी चौदा दिवसांनी पहिल्यांदा काहीतरी नीट पाहत होतो. खरं सांगायचं तर मला आनंद होत होता, आणि त्याची मला लाज वाटत होती.

त्यानंतरचे महिने मी वाचण्यात घालवले. माझी बायको असती तर म्हणाली असती, घातलंत पुन्हा पुस्तकात तोंड. आम्हाला मूल नाही. घरात बोलणारी तीच होती, मी ऐकणारा. आता घरात आवाज नव्हता, म्हणून मी वाचलेलं मोठ्यानं वाचू लागलो. विज्ञान मी अकरावीनंतर शिवलं नव्हतं. शाळेच्या पुस्तकांपासून सुरुवात केली, मग बीएस्सीची, मग कॉलेजातल्या मायक्रोबायॉलॉजीच्या बाईंकडून मागून आणलेली. एकेका पानाला एकेक तास लागायचा. पण त्या पानांत जे सापडत होतं त्यानं मी खुर्चीतून उठून खोलीत फेऱ्या मारायचो.

पहिलं मला कळलं ते भिंतीचं. जंतूच्या अंगाभोवती भिंत असते. आपल्या पेशींना ती नसते. एवढ्याशा फरकावर सगळं उभं आहे. आपल्याला भिंतच नाही, म्हणून भिंत पाडणारं औषध आपल्या अंगातून फिरतं आणि आपल्याला धक्का लागत नाही. आणि ते पाडतं कसं? मला वाटलं होतं सुरुंग लावत असेल. तसं नाही. जंतूला वाढायचं असतं, म्हणून तो आपली भिंत थोडी उसवतो, नवे दगड घालतो, पुन्हा सांधतो. आमच्याकडे शेताला गडगा घालतात, नुसते दगडावर दगड, मातीचुना काही नाही. गडगा वाढवायचा तर आधी जुन्यातले चार दगड काढावे लागतात. पेनिसिलीनच्या जातीचं औषध काय करतं, तर दगडासारखं रूप घेऊन गवंड्याच्या हातात जाऊन बसतं. गवंडी त्याला दगड समजतो, पकडतो, आणि त्याचा हात तिथंच चिकटतो. उसवणारे मात्र उसवतच राहतात. मग पाणी आत शिरतं, दाब वाढतो आणि जंतू फुटतो. त्याला बाहेरून कोणी मारत नाही. वाढायच्या घाईनं तो मरतो.

म्हणजे जो वाढत नाही, नुसता बसून राहतो, तो वाचतो! हे कळलं त्या दुपारी मी टाळी वाजवली होती. मग आठवलं घरात कोणी नाही.

दुसऱ्या जातीची औषधं भिंतीकडे जातच नाहीत. ती आत शिरतात आणि जंतूच्या कारखान्यात खीळ घालतात, जिथं त्याच्या अंगाला लागणारी प्रथिनं बनतात. तसे कारखाने आपल्यातही आहेत, पण त्यांची घडण थोडी वेगळी. खीळ तिथं बसत नाही. यातली पुष्कळशी औषधं जंतूला मारत नाहीत, त्याला थांबवून ठेवतात. मारायचं काम आपलं रक्त करतं. आणि सर्दीपडशाच्या विषाणूंना भिंतही नाही आणि कारखानाही नाही, ते आपलाच कारखाना वापरतात. म्हणून सर्दीवर यातलं काहीच चालत नाही. किती वर्षं मी सर्दीला या गोळ्या खाल्ल्या होत्या!

इतपत वाचून झाल्यावर मला एक गोष्ट आठवली आणि त्या दिवशी पुढचं पान उलटलं नाही. माझ्या बायकोला लघवीची जळजळ वर्षातून दोनतीनदा व्हायची. पहिल्या वेळी डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. पुढच्या प्रत्येक वेळी मी जुन्या पट्टीचा तुकडा खिशात घालून मेडिकलमध्ये जायचो आणि म्हणायचो, याच द्या. दोन दिवसांत तिला बरं वाटायचं. ती म्हणायची, आता पुरे, गरम पडतात. मी म्हणायचो, बरं. उरलेल्या फडताळात ठेवायच्या, पुढच्या वेळी तुकडा दाखवायला. शेवटच्या वेळी त्या गोळ्यांनी जळजळ थांबली नाही आणि जंतू रक्तात उतरले.

मी लॅबमधल्या बाईला हे सांगितलं. म्हटलं, माझ्यामुळे झालं का? तिनं खोटा धीर दिला नाही. म्हणाली, "यावरून तसं सांगता येत नाही सर. ते जंतू त्यांच्या अंगात तयार झाले की बाहेरून तसेच आले, कळायला मार्ग नाही. पण तुकडा दाखवून गोळ्या आणणं चूकच."

बायकोची आई पोलादपूरच्या पुढं राहते. आंबेनळीच्या रस्त्याला लागलं की घाट सुरू व्हायच्या आत तिचं गाव येतं. मुलगी गेल्यावर जावयाचं नातं तसं सुटतं, पण मी दर शनिवारी जात राहिलो. दोघंही फार बोलत नव्हतो. त्या भाकरी करायच्या, मी ओट्यावर बसून वाचायचो.

आषाढात लावणी संपत आली होती. एका शनिवारी गेलो तर सासूबाई उजवा पाय पाटावर ठेवून बसल्या होत्या. करंगळीपासून घोट्यापर्यंत सूज, कातडी तकतकीत.

"काय झालं पायाला?"

"काय नाय ओ. शेतात खुट घुसला. मी दोन पुराच्या गोळ्या घेतल्यात."

आमच्याकडे पूर ओसरला की, आणि लावणीच्या दिवसांतही, आरोग्य खात्याच्या बाया घरोघर गोळ्या वाटतात. पाण्याचिखलात वावरणाऱ्यांना उंदरांपासून येणारा ताप होऊ नये म्हणून. लोक एक खातात आणि बाकीच्या ठेवतात. सासूबाईंकडे त्या चहाच्या डब्यात असायच्या आणि तापाला, दाढेला, रेडकाच्या जखमेला, सगळ्याला चालायच्या.

"अहो, त्या गोळ्या तापाच्या. पायाला कशा चालतील?"

"का? पाय पण पाण्यातच होता ना!"

शेजारची वहिनी कुडाच्या पलीकडून हसली. "जावई डाक्टर झालं गो आत्ते, पुस्तकं वाचून वाचून."

"होऊदेत," सासूबाई म्हणाल्या. "फी तरी नाय लागायची."

त्यांना साखरेचा आजार आहे, म्हणून मी थट्टेवर नेलं नाही. त्याच दिवशी महाडला डॉक्टरांकडे घेऊन आलो. त्यांनी जखम धुतली आणि सात दिवसांच्या कॅप्सूल दिल्या, दिवसाला तीन. साखर जास्त आहे, एक दिवसही चुकवू नका, बोट जाईल, वर सरकलं तर पायही जाईल, असं त्यांनी सासूबाईंच्या तोंडावर सांगितलं. दोन दिवस त्या माझ्याकडे राहिल्या. सूज उतरू लागली. मग कोंबड्या कोण सोडणार म्हणून हट्टानं गावी गेल्या. पट्ट्या मी स्वतः पिशवीत घालून दिल्या आणि तीनतीनदा समजावलं.

पुढच्या शनिवारी घरात शिरताच वास आला. पाय पुन्हा सुजला होता आणि करंगळी जांभळी-काळी पडली होती. मी पिशवी पाहिली. पट्ट्या नव्हत्या.

"सगळ्या घेतल्यात?"

"चार दिस घेतल्या. सूज गेलती की. मग उरल्या त्या दिल्या."

"दिल्या? कुणाला दिल्या?"

"वहिनीची दाढ सुजलेली. तिला पाच. वरच्या आळीतल्या पोरीला गळू झालंय, तिला चार. वानोळा दिला."

वानोळा म्हणजे काय ते आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. झाडाचा पहिला फणस उतरवला, नव्या भाताचे पोहे कांडले, गाय व्याली आणि खरवस झाला, की चार घरी वाटीभर पाठवायचा. आपल्याकडे आलेलं चांगलं एकट्यानं खायचं नाही. पण औषधाचा वानोळा मी पहिल्यांदा ऐकत होतो.

"आई, औषध काय वाटायची गोष्ट आहे?"

"चांगली लागली म्हणून तर दिली. वाईट असती तर दिली असती काय? एकटीनं बसून खायला बरं वाटतं का? तिकडं ती पोर कळवळतेय."

मी आवाज चढवणारा माणूस नाही. त्या दिवशी चढवला. म्हणालो, "अशानंच गेली तुमची मुलगी!"

कुडापलीकडचं भांडी घासणं थांबलं. सासूबाईंनी लुगड्याचा काठ पायावर ओढून घेतला. मग हळू आवाजात म्हणाल्या, "माज्या पोरीला मी नाय दिला वानोळा. ती तुमच्याकडं होती."

मी रस्त्यावर जाऊन जीप थांबवली. वहिनीनं आणि मी दोघांनी मिळून त्यांना उचलून बसवलं. पोलादपूरपर्यंत आणि तिथून महाडपर्यंत मी त्यांचा पाय धरून बसलो होतो. मांडीवर तो गरम लागत होता.

डॉक्टरांनी दाखल करून घेतलं. बोट वाचणार नाही, असं त्यांनी पाहताक्षणी सांगितलं. पाय वाचेल का, ते औषध लागू पडतं की नाही यावर. जखमेतला पू त्यांनी तपासणीला पाठवला आणि तोपर्यंत अंदाजानं इंजेक्शन सुरू केलं. तीन दिवस लागतील, म्हणाले. ते तीन दिवस मला ठाऊक होते.

फरक एवढाच की या वेळी जंतूंना काय विचारलं जातंय ते मला कळत होतं. पहिल्या दिवशी पू ताटलीवर पसरला. दुसऱ्या दिवशी त्यातले जंतू वेगळे काढून नव्या ताटलीवर सारवले आणि टिकल्या ठेवल्या. मी दवाखान्याच्या बाकावर पुस्तक उघडून बसलो होतो, पण डोक्यात ती ताटली होती. आता ते दुप्पट होत असतील, आता चौपट, आता टिकलीच्या काठाशी पोचले असतील. पोचले असतील की थांबले असतील?

तिसऱ्या दिवशी सकाळी मी लॅबच्या पायरीवर जाऊन बसलो. बाई स्कूटरवरून उतरली आणि हसलीच. "आता तुम्ही बसलात होय पायरीवर!" मग म्हणाली, "मीपण अजून पाहिलेली नाही. चला."

तिनं कपाट उघडलं आणि ताटली दिव्याखाली धरली.

आठ टिकल्या होत्या. मी आधी सायच पाहिली. पिवळसर, दाट, जोमानं वाढलेली. जे सासूबाईंच्या पायात होतं ते. एका टिकलीला ती येऊन भिडली होती. बाईनं टिकलीवरचं बारीक अक्षर वाचलं. "ही तुमची कॅप्सूल. आर." शेजारच्या टिकलीभोवती गोल होता, पण अरुंद आणि काठ पुसट. "ही पुराची गोळी. धड इकडे नाही, धड तिकडे नाही." आणि मग तिनं ताटली फिरवली.

तिसऱ्या टिकलीभोवती केवढा तरी गोल! स्वच्छ, काठ कोरून काढल्यासारखा. चौथीभोवती तसाच. पाचवीचा आणि सहावीचा गोल तर एकमेकांत मिसळले होते, संगमावर दोन नद्या मिसळाव्यात तसे. मी मोठ्यानं म्हणालो, "एस! एस! एस!" बाहेर रक्त द्यायला बसलेली माणसं आत डोकावू लागली. बाई मोजपट्टी लावत होती. "थांबा हो सर, मोजू तर द्या!"

एका औषधाचं नाव तिनं मला दाखवलं. ते इंजेक्शन पहिल्या दिवसापासून चालू होतं. डॉक्टरांचा अंदाज बरोबर आला होता. तिनं फोन उचलून त्यांना सांगितलं. फोन संपेपर्यंत मला थांबवेना. मी चालत, खरं तर पळत, दवाखान्यात गेलो. बाजारातल्या माणसांना वाटलं असेल, याच्या घरी पुन्हा काही झालं.

सासूबाई कॉटवर होत्या. भांडणानंतर मी त्यांच्याशी फक्त कामापुरतं बोललो होतो. धापा टाकत म्हणालो, "औषध चालतंय. मी पाहून आलो. डोळ्यांनी पाहून आलो."

"काय बघितलं?"

"गोल."

"पाणी प्या आधी," म्हणाल्या.

करंगळी दुसऱ्या दिवशी काढली. सूज घोट्यापाशी थांबली, मग मागं सरली. इंजेक्शनं पुढं चालू राहिली आणि मला त्यांच्या उशाशी बसून वाचायला वेळच वेळ होता. तिथंच मी ते प्रकरण वाचलं. औषधाला दाद न देण्याची युक्ती जंतूंकडे कशी येते, त्याचं. काही जंतू औषध आत आलं की उपसून बाहेर टाकतात. काही औषधाचा तुकडा पाडतात. काही गवंड्याचा हातच बदलतात, म्हणजे नकली दगड त्यात बसत नाही. यातलं बरंचसं मला ठाऊक झालं होतं. ठाऊक नव्हतं ते हे, की ही युक्ती जनुकांच्या ज्या लिखाणात असते ते पुष्कळदा एका सुट्या, गोल, छोट्या साखळीत असतं. जंतू शेजारच्या जंतूला बारीक नळी लावतो आणि त्या साखळीची एक प्रत त्याला देऊन टाकतो. स्वतःची ठेवून. शेजारी आपल्या जातीचा नसला तरीही चालतं.

मी हसलो. वॉर्डात, मोठ्यानं.

"काय झालं हसायला?" सासूबाईंनी विचारलं.

"आई, जंतूपण वानोळा देतात."

"काय तरी बोलताय."

मी खुर्ची जवळ ओढली. गडग्यापासून सुरुवात केली. भिंत, उसवणं, नकली दगड. गडगा म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. त्यांनी स्वतः घातलेले आहेत. मग राब. अर्धा कच्चा भाजला तर काय होतं? म्हणाल्या, चिवट तण तेवढं राहतं, आणि सगळं रान मोकळं मिळाल्यागत पसरतं. म्हटलं, तेच. चार दिवस गोळ्या घेतल्या, नाजूक होते ते मेले, चिवट राहिले. आणि ज्याच्याकडे चिवटपणाची युक्ती आहे तो ती वाटीत घालून शेजाऱ्याला देतो. शेजारी त्याच्या शेजाऱ्याला.

त्या कोपरावर उठल्या.

"म्हंजे ते पण शेजारधर्म पाळतात?"

"हो."

"मेले," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळानं, "आन वरच्या आळीतल्या पोरीला मी चारच दिल्या. म्हंजे तिचं रान मी अर्धंच भाजलं."

मला एवढं सुचलं नव्हतं.

"तुमी पण आणायचात ना पोरीला, तुकडा दाखवून? ती सांगायची मला."

"हो," मी म्हणालो.

"मग मी तसं बोलायला नको होतं."

"मीपण."

एवढंच. पलीकडच्या कॉटवरची बाई आपल्या औषधाच्या चौथ्या दिवशी गोळी लपवून ठेवताना दिसली, तर सासूबाई तिच्यावर अशा ओरडल्या की नर्स धावत आली. "खा गो, सगळी खा! उरवू नको. तुज्या पायातले मेले हितं वानोळा वाटतील आमाला!"

घरी सोडल्यावर मी त्यांना गावी पोचवलं. दुपारची भाकरी झाली आणि त्या काठी घेऊन उठल्या. कुठं, विचारलं तर म्हणाल्या, चला. वहिनीच्या दारात गेल्या आणि म्हणाल्या, "माज्या गोळ्या हायत का, त्या दे परत."

वहिनी हात पुसत दाराबाहेर आली. वानोळा परत मागत नाहीत. परत आलेली वाटीसुद्धा रिकामी पाठवत नाहीत, निदान साखरेचे चार दाणे घालतात. "आत्ते, दिलेला वानोळा कोण मागतं काय? कुणी ऐकलं तर काय म्हनेल?"

"म्हनूदे. दे तू. दाढ दाखवायला जावयाबरोबर जा महाडला."

"एकच राहिलीय."

"ती दे."

वहिनीनं आतून गोळी आणली, तळहातावर ठेवली आणि बरोबर चार साखरेचे दाणे. "रिकामा हात कसा पाठवू?" म्हणाली. सासूबाई इतक्या हसल्या की त्यांना काठीवर टेकावं लागलं.

वरच्या आळीत चढ आहे. तिथंही त्या गेल्या, थांबत थांबत. मुलीचं गळू फुटून वाहत होतं. चारही गोळ्या संपल्या होत्या. तिच्या आईला सासूबाईंनी पायावरची पट्टी सोडून नसलेलं बोट दाखवलं आणि सांगितलं, उद्या पोलादपूरच्या दवाखान्यात ने, आणि तिथं देतील त्या सगळ्या घाल, बरं वाटलं तरी. पुढं पाचसहा घरं झाली. चहाच्या डब्यांतून, देवळीतून, पत्र्याच्या पेटीतून गोळ्या निघत होत्या. कुणी हसत दिल्या, कुणी तोंड वाकडं करून. एका म्हाताऱ्यानं दिल्याच नाहीत. त्या सगळ्या मी पिशवीत घालून आरोग्य केंद्रात नेऊन दिल्या.

याला वर्ष होत आलं. वरच्या आळीतली मुलगी बरी झाली. वहिनीनं दाढ काढून घेतली. लॅबमध्ये मी कधीकधी जातो, बाई वेळ असेल तर ताटली दाखवते. अजूनही स्वच्छ गोल दिसला की मला एका जागी उभं राहवत नाही. ज्या दिवशी एकही गोल नसतो त्या दिवशी ती ताटली परत कपाटात ठेवते आणि डॉक्टरांना फोन लावते.

सासूबाईंच्या उजव्या पायाला चार बोटं आहेत. त्या चालतात.